उजवी बाजू मुकी आहे

२ नोव्हेंबर

चि. तुणतुण्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. आपला फोन बिघडलाय. तुझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा फोन ठणठणीत आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तो त्याचं काम शिकेपर्यंत आपण पत्रंच लिहू.

तुझी सीडी निघतेय हे मामाला सांगितलं तेव्हा तो कुणाच्या तरी घराचं छत रंगवत शिडीवर उभा होता. तिथूनच त्याने विचारलं की अक्का, सीडी येईल, पण तू ती वाजवणार कशावर. खरंच की. आपल्या घरात आवाज करणाऱ्या वस्तू दोनच, कुकर आणि दाराची घंटा. म्हणून काल दोघं बाजारात गेलो. चौकाच्या कोपऱ्यावर ते मोठं दुकान आहे ना, जिथे काचेआड चार टीव्ही एकच बातमी देत बसलेले असतात, तिथे.

मामाच्या अंगात संचारलं होतं. त्याला माझ्याएवढ्या उंचीचे दोन स्पीकर घ्यायचे होते. दुकानातल्या मुलीने ते लावून दाखवले. आवाज झकास होता, पण आपली भिंत पातळ आणि पलीकडची नर्स रात्रपाळी करून दिवसा झोपते. तिची झोप मोडून तुझं कौतुक करून घ्यायचं नाही मला. शेवटी हातात मावणारा सीडी प्लेयर घेतला आणि हेडफोन. त्या मुलीने आधी कानात खुपसायचे दोन शेंगदाणे दाखवले, ते मी परत केले. मग गादीचे मोठे हेडफोन घेतले, जादा बॅटऱ्या घेतल्या, आणि प्लेयर कमरेला अडकवायची पिशवी. लांब वायर मामाच्या हट्टाने.

कारखान्याच्या शिफ्टमुळे तुझ्या एकाही कार्यक्रमाला मी आले नाही. घरी सराव करायचीस तो अर्धामुर्धा, भांड्यांच्या आवाजात. आता झाकणांचं ते प्रेस मशीन सुटलं, मी रिकामी आहे. या वेळी तुला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणार. सीडी लवकर धाड.

इकडे लोभ भरपूर आहे, तिकडून जेवणाची वेळ तेवढी पाळावी.

तुझी,
आई

११ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सोबत सीडी. पाकिटात पुठ्ठा घातलाय, तरी उघडताना मिक्सरचं खोकं उघडतेस तसं सुरीने उघडू नकोस.

सर आणि मी, दोन व्हायोलिन. बाकी काही नाही. ज्या खोलीत वाजवलं तिच्या भिंतींना जाड सतरंज्या लावल्या होत्या, त्यामुळे आपलाच श्वास आपल्याला ऐकू यायचा. पहिले दोन तास माझा हात कापत होता. सरांनी मला मोठेपणा देऊन मधला एक भाग माझ्यावर सोडला. तो भाग नीट ऐक आणि काय वाटलं ते कळव. सरांनी शाबासकी दिली, ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी दिली, पण मला तुझी हवी आहे. लहान मुलीसारखं वाटेल, वाटू दे.

मागच्या खेपेला निघताना मी बॅगेचा धागा कापायला तुझ्याकडे कात्री मागितली होती, आठवतं? तू पिशवी भरता भरता म्हणालीस की खात्री आहे गं माझी, तुझ्यावर पहिल्यापासून आहे. मी खूप हसले, धागा दाताने तोडला. पण खरं सांगते, हात कापायचा थांबेना तेव्हा तेच वाक्य मी मनात म्हणत होते.

मामाला नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, कमी झालेली मला लगेच कळते.

तुझं,
तुणतुणं

२० नोव्हेंबर

चि. तुणतुण्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

ऐकलं. पुन्हा ऐकलं. जिन्यात बसून ऐकलं, बसथांब्यावर ऐकलं, बस सोडली. समोरच्या शिंप्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, नर्सलाही ती जागी झाल्यावर सांगितलं. शिंपी म्हणाला की आता तुम्ही आमच्याशी बोलाल की नाही. मी म्हटलं, बघू.

केवढा वजनदार हात झालाय गं तुझा. मला त्यातलं शास्त्र कळत नाही, पण घाई नाही, नखरा नाही, एखादं जुनं माणूस शांतपणे बोलावं तसं वाजवतेस. तुझ्या वयात हे कुठून आलं? तुझे सर मात्र मला सापडलेच नाहीत. तुला पुढे करून मागे बसले असतील. मोठ्या मनाचा माणूस.

मधल्या भागाचं विचारलंस. तिथे तू चक्क थांबलीस. इतका वेळ थांबलीस की मी बॅटऱ्या बदलल्या, मग वायर हलवून पाहिली. मग उमगलं की हे मुद्दाम आहे. लहानपणी तुला थांब म्हणताना माझा घसा बसायचा, आणि आता आपण होऊन एवढं थांबतेस. मला फार अभिमान वाटला.

एकच कटकट आहे. हेडफोनची उजवी बाजू मुकी आहे. दुकानात जाऊन बदलून आणला, तर दुसऱ्याचंही तेच. दुकानातल्या मुलीने स्वतःच्या कानाला लावला आणि दोन्ही बाजू छान चालतात म्हणाली. चांगली पोर आहे, पण माल खपवायचा म्हटल्यावर ती दुसरं काय सांगणार. आता पुन्हा जाऊन भांडायचं आहे.

माझ्या लोभाला तूर्त ऊत आला आहे, तो तसाच राहील.

तुझी,
आई

२७ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला दाखवू नकोस.

आईने माझं जे जे कौतुक केलं, ते सगळं सरांच्या वाजवण्याचं आहे. आमच्या सीडीत मुद्दाम डाव्या कानात सर आणि उजव्या कानात मी अशी मांडणी ठेवली आहे. मधल्या भागात सर थांबतात आणि मी एकटी वाजवते. आईने त्या जागी बॅटऱ्या बदलल्या. मामा, ते मी आजवर वाजवलेलं सगळ्यात चांगलं आहे.

आधी मला राग आला, मग रडू आलं, मग डोक्यात प्रकाश पडला. हेडफोन चांगले आहेत. फोनही चांगला आहे. तो ती उजव्या कानाला लावते. प्रेस मशीन तिच्या उजव्या हाताला होतं ना? हळूहळू गेला असेल कान, तिला कळलंही नसेल. आणि तिला बहिरी म्हणायची माझी छाती नाही. तूच जाऊन गोडीगुलाबीने सांग, आणि डॉक्टरकडे ने.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ती कात्रीची गंमत तुला सांगितली होती. म्हणजे तिने मला जी खात्री दिली तीही कानाच्या चुकीनेच. मी उगाच ती उराशी धरून बसले.

रागावू नकोस, आणि भाचीवरची माया उतू गेली तरी चालेल.

तुझी,
भाची

६ डिसेंबर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईपुढे बोलायचं म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तरी मलाच पुढे केलंस. सोमवारी गेलो, तर खिडकीचा रंग उडालेला दिसला. म्हटलं, काम करता करता सांगू. खिडकी रंगवून झाली, सांगणं झालं नाही. बुधवारी दार रंगवलं. तिला वाटतंय माझा धंदा बसलाय आणि मी घरोघर फुकट रंग देत फिरतोय.

शनिवारी मात्र छाती करून गेलो. दार उघडंच होतं. अक्का खाटेवर बसली होती, कानाला हेडफोन, कमरेला ती पिशवी. मी समोर उभा राहिलो, घसा साफ केला, तोंड उघडलं. तिने हाताने मला गप्प केलं आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. मी बसलो. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती. अशी मी तिला कधी पाहिली नाही.

पुढचं तीच लिहिणार आहे, मला लिहायची बंदी आहे. कात्रीचं मात्र मी तिला सांगून टाकलं. रागाव हवं तर.

लोभ ठेव आणि पुढच्या वेळी सोपं काम सांग.

तुझा,
मामा

९ डिसेंबर

चि. तुणतुण्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

मामाला वाटतं बातमी त्याने आणली. त्याच्या आधी मला कळलं होतं.

दुकानात भांडायला जायचं तर पुरावा हवा. कारखान्यात एखाद्या भागावर संशय आला की आम्ही तो काढून दुसऱ्या जागी लावून पाहायचो. तसा मी हेडफोन उलटा घातला, डावी बाजू उजव्या कानाला. आता डावीकडे मुकं व्हायला हवं होतं. पण मुकं उजवीकडेच राहिलं. भाग हलवला आणि बिघाड जागेवरच राहिला, तर बिघाड भागात नसतो, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणजे मीच.

वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. डाव्या कानात कुणीतरी वेगळंच वाजवायला लागलं होतं आणि पहिल्याच सुराला मी ओळखलं. सूर धरताना तू जरा खालून चढतेस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाजवायचीस तेव्हाही चढायचीस. मग तो मधला भाग आला. जिथे तू थांबलीस म्हणून मी कौतुक केलं होतं, तिथे तू एकटी होतीस. त्यावर काय लिहू? मामाला गप्प बसवलं, पहिल्यापासून पुन्हा लावलं, आणि मग त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला. तोही रडला. रंगाचा हात डोळ्याला लागला म्हणतो.

डॉक्टरांकडे जाऊन आले. उजवा कान मशीनने नेला, तो परत येणार नाही. डावा उत्तम आहे. एक दिवस फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण तुझं पहिलं व्हायोलिन त्याच मशीनवर उभं राहून घेतलं होतं, मग भांडू कुणाशी. फोन आता डाव्या कानाला लावते, तू अगदी शेजारी बसल्यासारखी येशील. दुरुस्तीवाल्याला एक चहा देणं लागते.

दुकानातल्या पोरीची माफी मागितली. तिने एक छोटी पिन दिली, ती लावली की दोन्ही बाजू एकाच कानात येतात. त्यावर तुम्हा दोघांना एकत्र ऐकलं. फार सुंदर आहे. सरांना सांग, त्यांचं कौतुक चुकून झालं असलं तरी मी ते परत घेत नाही. पण पिन ड्रॉवरमध्ये ठेवलीय. रोज मी हेडफोन उलटाच घालते. नर्सने दाखवलं की काकू, उलटा घातलाय. मी म्हटलं, ठाऊक आहे, अशी फक्त माझी मुलगी ऐकू येते.

सोबत कात्री पाठवतेय, शिंप्याकडून धार लावून आणलेली. तू तीच मागितली होतीस. शब्द मी चुकीचा ऐकला. उत्तर बरोबर होतं.

लोभ आहे, डाव्या बाजूने का होईना, पुरता आहे.

तुझी,
आई