गव्हाच्या पेंढीचं नाणं

सिनसिनाटी, १८६३

अँटनदादा,

उत्तर-दक्षिणेची लढाई पेटली आणि सुटी नाणी बाजारातून गायब झाली. म्हणून तू गव्हाची पेंढी आणि आपलं आडनाव छापून तांब्याची नाणी काढलीस. इथवर ठीक होतं. पण ती यापुढे कुणी घेणार नाही अशी आवई उठली आणि तू बायकोला बेकरीत टाकून पळालास!

सकाळी दारात ही गर्दी. शेजारची गेर्डा म्हणाली, "ओटिली, दार लावून घे. नाणी त्याची, तू कशाला मरतेस?"

वहिनीनं पिठातले हातही काढले नाहीत. "आडनाव माझंही आहे ना त्याच्यावर? चला, एकेक जण पुढे या."

प्रत्येक नाण्याला तिनं पाव दिला. पीठ तळाला गेलं, तरी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दुपारी म्हातारा रादेमाखर रांगेतून बाजूला झाला. "देतेय ना ही? मग राहू दे की खिशात!" त्याच्यामागे सगळी रांगच पांगली.

आता ती नाणी कोपऱ्यावरचा खाटीकसुद्धा घेतो.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचून तू परत आलास तर?

तुझी बहीण, पण आधी तिची नणंद,
माग्डालेना