रेडिओतला हंडा काढला त्याची हकिगत

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज. टेबलाखाली शिरून वायरी शोधायचं वय आता राहिलं नाही, हे मला मागच्या आठवड्यात टेबलाखालीच कळलं.) तुझा गुडघा कसा आहे? नव्या चष्म्यातून जिना आता एकच दिसतो ना? इकडे सगळे ठीक. हे पत्र तुझे आभार मानायला लिहिते आहे. कशाबद्दल, ते तुला मुळीच ठाऊक नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमच्या कारखान्यात दुतर्फा बोलायचा रेडिओ तयार होतो. एक पेटी डोंगरावरच्या दवाखान्यात, दुसरी खालच्या मोठ्या इस्पितळात. वरची नर्स बोलते, पेटी तिच्या आवाजाचे आकडे करून हवेतून पाठवते, खालची पेटी त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते आणि डॉक्टर ऐकतात. पेटी गुणी होती, पण महाग. डोंगरावर दवाखाने बारा, आणि आरोग्य समितीनं कळवलं की या भावात दोनच घेता येतील. उरलेल्या दहा ठिकाणी मग जुनीच पद्धत, म्हणजे कुणीतरी निरोप घेऊन डोंगर उतरायचा आणि डॉक्टर जागेवर असू देत म्हणून मनात घोकत राहायचं. साहेबांनी पेटी उघडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "यातलं निम्मं काढून टाका. चालली मात्र पाहिजे."

मी कामाला लागले. आधी आतलं पत्र्याचं झाकण काढलं (कुणाच्या अध्यात ना मध्यात असं ते झाकण), तर पेटीतून आमच्या कँटीनचा मिक्सर ऐकू यायला लागला. मग खरेदी खात्यातल्या गृहस्थांनी (त्यांना आम्ही 'अजून-कमी' म्हणतो, कारण विक्रेत्याशी ते तेवढंच बोलतात) निम्म्या भावातले स्फटिक आणले. हे स्फटिक पेटीचं घड्याळ. सकाळी दहापर्यंत दोन्ही पेट्या छान गप्पा मारायच्या, मग खिडकीतून ऊन एका पेटीवर यायचं, तिचं घड्याळ बहकायचं आणि दोघींची ओळख पुसली जायची. अजून-कमींनी खिडकीला पडदा लावायची सूचना केली. पडद्याचा भावही काढून आणला होता.

राहता राहिला हंडा. हंडा म्हणजे पेटीतली एक पितळी गाळणी, सगळ्यांत जड आणि सगळ्यांत महाग. पेटी एकाच वेळी बोलते आणि ऐकते ना, तर तिचं स्वतःचं ओरडणं तिच्याच कानात जाऊ नये म्हणून हा हंडा मध्ये बसवलेला. त्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं. मी तीन आठवडे त्याच्याकडे बघत बसले. साहेबांना सांगणार होते की हे माझ्याच्यानं होत नाही, राजीनाम्याचा कागदही लिहून खणात ठेवला होता. (हे घरी कुणाला माहीत नाही. तूही बोलू नकोस.)

आणि त्या संध्याकाळी तुझा फोन आला. नेहमीप्रमाणे पलीकडून तू आणि आतोबा दोघं एकदम बोलत होता. तू गुडघ्याबद्दल, ते बहुधा पाण्याच्या टाकीबद्दल, आणि मला टाकीचा गुडघा दुखतोय एवढाच बोध होत होता. तेव्हा तू, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या तुझ्या त्या आवाजात, आतोबांना म्हणालीस, "एका वेळी एकानंच बोलायचं. तुमची पाळी लगेच येईल, पळून जात नाही."

आत्या, मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. पेटीनं एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं कशाला? पाळीपाळीनं करू दे. आवाजाचे आकडे पाळी येईपर्यंत साठवून ठेवता येतात, आणि एका सेकंदात शंभरदा पाळी बदलली तर माणसाच्या कानाला पत्ताही लागत नाही. आणि बोलताना ऐकायचंच नाही तर हंडा कशाला? बोलायची एक आणि ऐकायची दुसरी अशी दुहेरी यंत्रणा तरी कशाला? जी बोलते तीच ऐकेल. पंधरा दिवसांत नवी पेटी उभी राहिली, जुनीच्या निम्म्या वजनाची आणि निम्म्याहून कमी किमतीची. अजून-कमी पहिल्यांदाच 'पुरे' म्हणाले.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला चढली. बॅटरीही छोटी करावी म्हणून मी अशी सोय केली की बोलणारा गप्प झाला की पेटीनंही लगेच गप्प व्हायचं. आता वरच्या नर्सबाई वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतात, आणि आपल्या भाषेत नकार नेमका शेवटी येतो. चाचणीच्या दिवशी त्यांनी कळवलं, "बाळ आडवं नाही." खाली ऐकू आलं, "बाळ आडवं." डॉक्टरांनी पुढचं काही न ऐकता तडक गाडी सोडली. दोन तास घाट चढून ड्रायव्हर मला घेऊन वर पोचला तेव्हा बाळ जगात येऊन दूध पिऊन झोपलं होतं. तो मला काय काय म्हणाला ते मी लिहीत नाही. पण तो वळणार एवढ्यात लाकूडतोड्यांनी त्यांच्यातल्या एकाला खांद्यावरून आणलं. पायावर ओंडका पडलेला, रक्त थांबत नव्हतं. गाडी दारातच उभी होती म्हणून तो वेळेत खाली पोचला. त्याचा पाय वाचला. साहेबांनी नंतर अहवालात लिहिलं, 'चाचणी अंशतः यशस्वी', पण त्या वेळी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

नर्सबाईंनी चहाचा कप हातात दिला, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बोलून झाल्यावर श्वास सोडते. तेवढा वेळ थांबायला सांगा पेटीला."

तेवढा वेळ म्हणजे अर्धा सेकंद. खर्च शून्य. मी तो दिला, आणि आता पेटी शेवटच्या 'नाही'पर्यंत ऐकते. बाराही दवाखान्यांची मागणी आली आहे. राजीनामा मी फाडला. तुझ्या त्या एका वाक्याचे, नर्सबाईंच्या श्वासाचे आणि त्या चिडक्या ड्रायव्हरचेही माझ्यावर उपकार आहेत. तुझ्यापाशी कबूल केल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.

पाठ बरी झाली की खरा नमस्कार घालायला येतेच.

तुझी भाची

ता. क. समितीनं विचारलं तेव्हा मी सांगून बसले की मूळ कल्पना दळणवळण क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ तज्ज्ञांची आहे. त्या तज्ज्ञांना आता भाषणाला बोलावलं आहे. दहा मिनिटं बोलायचं. साडी कुठलीही चालेल.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला बसले. त्या संध्याकाळी कल्पना सुचल्यावर तू पुढं दहा मिनिटं बोलत होतीस, त्यातलं मी अक्षरही ऐकलं नाही, नुसतं 'हो हो, चालेल की' म्हणत होते. काल सकाळी आतोबा दोन बॅगा आणि स्वतःची उशी घेऊन दारात उभे राहिले. मला म्हणाले, "तू हो म्हणालीस म्हणून आलो." मी किती महिन्यांसाठी हो म्हणाले आहे, तेवढं उलट टपाली कळव. फोन करू नकोस, ते फोनच्या शेजारीच बसलेले असतात.