निर्माल्याच्या पिशवीची गाठ

बुधवार, दिवेलागणीनंतर

आज घंटागाडीवरच्या सुनीतानं माझी निर्माल्याची पिशवी सरळ सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात, बाटल्यांत भिरकावली. डोळ्यांनी बघितलं मी. देवघरातली झेंडूची फुलं, आणि कुणाच्या तरी दारूच्या बाटल्यांवर!

नगरपालिकेची माणसं दारात येऊन सांगून गेली होती, निर्माल्य कालव्यात सोडू नका, ओल्या कचऱ्यात द्या, त्याचं खत होतं. म्हणून तर देते. पण खत खरंच होतं का? ते कुणी बघितलंय?

खाली जाऊन विचारलंच. सुनीता म्हणाली, "काकू, तुमीच गाठ मारून देताय. गाठीची पिशवी दिसली की आमी सुक्यात टाकतो. कुणाकुणाच्या गाठी सोडत बसू?"

देवाच्या फुलांना कुणाचा हात लागू नये म्हणून मी गाठ मारते. म्हणजे चूक माझीच? का तिला ऐनवेळी सुचलं ते तिनं सांगितलं?

शेजारच्या मंदाताई वरून हसल्या. "अवो, म्होरं डेपोत समदं एकच करत्यात. तुमी उगं दोन-दोन डबे घासताय." स्वतः एकच डबा ठेवतात, म्हणूनही म्हणत असतील. कुणाचं खरं मानावं?

उद्या गाठ मारायची नाही. फुलं मोकळी नेऊन माझ्या हातानं ओल्या कप्प्यात टाकणार. मग बघते, सुनीता काय कारण सांगते. पण मंदाताईंकडं आत्ता मटण शिजतंय. सकाळी त्यांचा हाडकांचा डबा त्याच ओल्या कप्प्यात रिकामा व्हायच्या आधी मला खाली पोचायला हवं.