दहा पावलांचं कलम

४ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र वाचलंस की फाडून टाक. सरकारी छापखान्यात मी मुद्रितं तपासते, तिथलं बाहेर बोलायचं नसतं. पण तुला नाही सांगणार तर कुणाला? आरोग्य योजनेचा नवा कायदा येतोय, त्याचं विधेयक काल माझ्याच टेबलावर होतं. जो आजारी माणूस आधाराशिवाय दहा पावलं चालतो, त्याची घरी येणारी मदतनीस बंद. तपासायला घरोघरी माणसं येणार आहेत. बाबा काठीशिवाय किती चालतात गं? खरं सांग.

त्यांना म्हणावं, कुणीही आलं तरी खुर्ची सोडायची नाही. लोभ आहेच, यंदा जरा सावधही राहा.

तुझी धाकटी

११ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. पत्र फाडून जाळलं आणि आता मीच घाबरून बसलेय. चांगल्या दिवशी बाबा पंधरा पावलं चालतात. वाईट दिवशी पलंगावरून उठतानाच कोसळतात. मार्चमध्ये मी लाँड्रीत इस्त्रीवर होते, मदतनीसबाई आल्या नव्हत्या, तेव्हा बाबा न्हाणीघराच्या दाराशी पाच तास पडून होते. ओठ निळे पडले होते गं. त्या बाई बंद झाल्या तर मी कामावर जाऊ कशी, आणि नाही गेले तर खाऊ काय?

बाबांना सांगितलं तर हसले. म्हणाले, तीस वर्षं हॉटेलच्या दारात दरवान म्हणून उभा राहिलो, पाहुण्यासमोर बसायचं कसं ते या वयात कोण शिकवणार. मी रडले तेव्हा कुठे शब्द दिला. रोज सराव घेते. मी घंटी वाजवायची, त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरायचे. काल तीनदा उठले! जित्याची खोड म्हणायला गेले आणि पुढचं गिळलं.

वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

३ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. कायदा मंजूर झाला. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. पहिल्या मुद्रितात दहाच्या जागी शंभर आलं होतं, एक शून्य जास्त. मूळ कागद शेजारीच होता. मी शून्य खोडलं, सही केली, आणि मग बाबा आठवले. शून्य परत घालायला कागद पुन्हा ओढला होता, ताई. हात चालला नाही. काम चोख करावं हे बाबांनीच शिकवलं, आणि आता घास उतरत नाही. मला शिव्या घाल, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी अपराधी धाकटी

२१ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. काल तपासनीसबाई आल्या. बाबा बसून राहिले. बाईंनी चालून दाखवायला सांगितलं तेव्हा खरोखर उठले, पण दिवस वाईट होता, तिसऱ्याच पावलाला गुडघा लचकला. मी धरून बसवलं. सेवा चालू राहील असं बाईंनी लिहून घेतलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग त्या निघाल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्यात फाईल, काखेत छत्री. दाराची कडी काही त्यांना उघडेना. आणि मघाचा गुडघा विसरून बाबा उठले. काठी खुर्चीला तशीच टेकलेली. मला दुसरं काही सुचेना, मी पावलं मोजत राहिले. अकरा. कडी काढली, दार धरलं, मान लववली, पायरी उंच आहे, जपून उतरा म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग काठीकडे. वाईट त्यांनाही वाटलं, दिसत होतं. पण तिथेच उभ्या राहून फाईल उघडली आणि लिहिलेलं खोडलं.

दार लावल्यावर बाबांच्या लक्षात आलं. तिथेच खाली बसले. आपण काय करून बसलो, असं मलाच विचारत होते. सांग, शिव्या कुणाला घालू? तुला की त्यांना? दोघंही एका माळेचे मणी.

मदतनीसबाई महिनाअखेरपर्यंतच येतील. एक तारखेपासून मी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावणार. बाबाच म्हणाले, लाव. मला फार भीती वाटते गं.

लोभ कमी करू नकोस, पत्र पाठवत राहा. पोस्टमनला सांगून ठेवलंय, पत्र फटीतून सरकवायचं, घंटी वाजवायची नाही.

तुझी ताई