नाक्यावरचे चार तास

४ फेब्रुवारी

चि. भाचेराव यांस मामाचे आशीर्वाद. वि. वि.

आधी एका ट्रकाचा खरा हिशेब ऐक. सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाला सहा हजार बिजागऱ्या पाठवायच्या होत्या. सीमेवरच्या आपल्या खालच्या नाक्याचा रस्ता आठवडाभर खणून ठेवलेला, म्हणून ट्रक वरच्या नाक्याने गेला. चालला सहा तास, उभा राहिला एकाहत्तर. ताडपत्रीला भोक पडलं, पाऊस आत गेला, अकरा खोकी गंजून परत आली. ड्रायव्हरचे चार दिवस गेले आणि त्याच्या तोंडून मी अशा तीन शिव्या ऐकल्या, ज्या मला या वयातही नव्या होत्या. गिऱ्हाइकाने कळवलंय की पुन्हा असं झालं तर तो माल दुसरीकडून घेईल.

हे तुला का सांगतोय? तर आक्काने तुझा अहवाल माझ्याकडे धाडलाय. मुलाने लिहिलाय म्हणून तिने त्याला कव्हरसुद्धा घातलंय. मी वाचला. शेजारच्या पाच देशांनी आपला व्यापार एकत्र केला तर काय होईल, असं तुम्ही कॉम्प्युटरला विचारलंत आणि कॉम्प्युटर म्हणाला, सगळं छान होईल. इतकं तर आमचा न्हावीही सांगतो, आणि वर दाढी करून देतो.

पान एकेचाळीसवर तू लिहिलंयस की दोन्ही नाक्यांवर ट्रक सरासरी चारच तास थांबतो, तेव्हा खालचा नाका बंद करून एकच ठेवावा, नुकसान शून्य. त्या शून्याच्या आत माझे बावीस कामगार आहेत, बाबा. खालचा नाका गेला की सगळा माल वरून पाठवायचा, आणि वरून पाठवलं की काय होतं ते आत्ताच सांगितलं. वर्षभरात कारखान्याला कुलूप.

पुढे तर गंमतच आहे. तुझ्या मॉडेलात अख्ख्या देशात एकच कुटुंब राहतं. मग त्यांच्या पोरांची लग्नं कुणाशी लावता? माझी बिजागरी आणि जहाजाचा पंखा एकाच डब्यात, ‘धातुकाम’ म्हणून. आणि इथलं काम गेलेला माणूस म्हणे लगेच दुसऱ्या धंद्यात शिरतो. आमचा पॉलिशवाला चोपन्न वर्षांचा आहे. सोमवारपासून औषधाच्या गोळ्या बनवशील का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, आधी मला माझी स्वतःची गोळी वेळेवर सापडू दे.

नाक्यांचा निकाल लावणाऱ्या सरकारी समितीपुढे जायच्या आत हे सगळं दुरुस्त कर. लोभ आहे तेवढा राहू दे, अक्कल मात्र वाढव.

तुझा
मामा

११ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. असली पत्रं घरच्या पत्त्यावर पाठवत जा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी न्हाव्याचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

रागावू नका, पण बिजागऱ्या करणाऱ्याने व्यापाराचं मॉडेल तपासणं म्हणजे खिळा ठोकता येतो म्हणून पुलाचा नकाशा तपासायला बसणं. एकच कुटुंब सोयीसाठी धरलेलं असतं, त्याची लग्नं लावायची नसतात. आमच्या मॉडेलात पाच देश, अठ्ठावीस क्षेत्रं आणि बाराशे समीकरणं आहेत, आणि ती सगळी अकरा सेकंदांत सुटतात. चार तास हा आकडा मी मनाने लिहिलेला नाही. दोन्ही नाक्यांच्या नोंदवह्यांतल्या अडतीस हजार गाड्यांची ती सरासरी आहे. त्यापुढे तुमचा एक ट्रक, एक ताडपत्री आणि ड्रायव्हरच्या तीन शिव्या. याला पुरावा म्हणत नाहीत, कुरकुर म्हणतात. खरं सांगायचं तर तुमचा कारखाना आमच्या कोष्टकात दशांश चिन्हानंतर सातव्या घरात येतो. आम्ही चौथ्या घरापुढे काही छापत नाही.

बावीस जणांचं वाईट वाटतंच. पण समिती एकवीस मार्चला बसते आणि ती आकड्यांवर बसते. आई म्हणते, मामा भांडण सापडेल तेवढीच पानं वाचतो. तब्येतीला जपा. लोभात खंड नसावा.

आपला
भाचा

१६ फेब्रुवारी

चि. दशांश यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं. सातव्या घरात राहणाऱ्या बावीस जणांनी तुझी चौकशी केली. जागा अपुरी पडते का, असं पॉलिशवाला विचारत होता.

आता तुझ्या अडतीस हजार गाड्यांची गोष्ट. काल टायरच्या दुकानात बसलो होतो. वरच्या नाक्याचा कारकून पंक्चर काढून घेत होता. मी डोळे मिटून बसतो, म्हणून लोकांना वाटतं मला ऐकू येत नाही. तो दुकानदाराला सांगत होता की गाडी दांड्याखाली आली की आमच्या वहीत जन्माला येते, त्याआधी ती जगातच नाही. नाक्यामागे मोठं मैदान आहे. तिथे स्टुलावर बसलेला एक माणूस निळ्या पुठ्ठ्याचे बिल्ले वाटतो, आणि बिल्ल्याचा नंबर लागेपर्यंत गाड्या तीन-तीन दिवस उभ्या असतात. त्यातलं एक मिनिटही वहीत नाही. म्हणजे डॉक्टरने किती वेळ तपासलं ते तू मोजलंस, आणि बाहेरच्या बाकड्यावरचा वेळ सोडून दिलास. याला तुम्ही शिकलेले लोक सरासरी म्हणता होय?

आमच्या खालच्या नाक्यावर असली थेरं नाहीत. एक तास! तीस वर्षांत माझा ट्रक तासाच्या वर थांबलेला नाही. नाका कसा चालवावा हे तुझ्या साहेबांनी इथे येऊन शिकावं. घड्याळ लावून बघ म्हणावं.

पुढची एक खेप मुद्दाम वरून पाठवतोय. हिंमत असेल तर ड्रायव्हरच्या शेजारी बसून जा. उशी मी देतो. माया कमी झालेली नाही, आदर झालाय.

तुझा
मामा

२ मार्च

ती. मामांस सा. न.

हे मैदानातून लिहितोय, ट्रकाच्या पायरीवर बसून. आमचा बिल्ला दोनशे बारा. सध्या एकशे चाळीस चालू आहे, आणि मी परवा सकाळपासून इथे आहे.

रजा मागितली तेव्हा साहेब म्हणाले की मैदानात फिरणं हे वार्ताहरांचं काम, आपलं नव्हे. शिवाय एक आकडा बदलला तर सगळे तक्ते बदलावे लागतील. इथे ड्रायव्हरने माझं नाव ‘चार तास’ ठेवलंय आणि ते सगळ्या मैदानाला कळलंय. काल एकाने विचारलं, चार तास कुठे गेले? दुसऱ्याने सांगितलं, पाणी आणायला.

सत्तर गाड्यांचे बिल्ले आणि वेळा लिहून घेतोय. तुमचं बरोबर होतं. हे वाक्य आईला दाखवू नका.

परतताना खालच्या नाक्यावरही असंच घड्याळ लावून तीन दिवस बसेन, तुम्हीच म्हणाला होतात म्हणून. उशीबद्दल आभार. लोभ मैदानातही पोचू द्यावा.

आपला
भाचा

१२ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

खालच्या नाक्यावर चौसष्ट गाड्या मोजल्या. तुमचा ट्रक पंचावन्न मिनिटांत पार झाला. म्हणजे तुम्ही खोटं बोलला नव्हता. उरलेल्या त्रेसष्ट गाड्या सरासरी सव्वीस तास थांबल्या.

तुमचा पिवळा ट्रक दिसला की दांडा उचलणारे काका वजनकाट्याच्या बाजूची वाट मोकळी करतात. त्यांच्या कोठडीच्या दाराला, खिडकीला आणि खुद्द त्या दांड्याला तुमच्याच छापाच्या बिजागऱ्या आहेत. कितीला पडल्या, असं विचारलं तर ते म्हणाले, घरच्या माणसात पैशाचं नाव काढू नये. मामा, तुमच्या मॉडेलात तर एकच ट्रक आहे. आमच्यात निदान एक कुटुंब तरी होतं.

तर मी तुमचा एक तास घेतला नाही. खाली सव्वीस लिहिले, वर एकोणसत्तर. समीकरणं तीच, सेकंद अकराच, उत्तर उलटं. खालचा नाका बंद केला तर नुकसान आहे, आणि ते चौथ्या घराच्या अलीकडेच दिसतं. साहेबांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग सही केली. शिफारस अशी आहे: दोन्ही नाके ठेवावेत, वेळ मैदानापासून मोजावी, रांग एकच असावी आणि बाजूची वाट बंद व्हावी. शेवटची ओळ माझी आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण लोभ तोडू नका.

आपला
भाचा

२ एप्रिल

चि. चार तास यास मामाचे आशीर्वाद.

समितीने तुमचं सगळं मानलं, असं आक्काने कळवलं. नाका राहिला. बावीसच्या बावीस जण कामावर आहेत. गोळ्या बनवायला जायचं नाही, असं पॉलिशवाल्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुढची बिजागरी उचलली.

मॉडेलबद्दल माझं मत बदललेलं नाही. बाराशे समीकरणांना जे कळलं नाही, ते पंक्चर काढताना कळलं. साहेबांना माझ्याकडून एक बिजागरी भेट दे. त्यांना म्हणावं, ही आधी दाराला लावून बघा, मग धातुकामावर लिहा.

ड्रायव्हर तुझी आठवण काढतो. आक्काला घेऊन सुट्टीत ये, ट्रकातून आणवतो. भांडायला तुझ्याइतकं हक्काचं माणूस मला दुसरं नाही, तेवढा लोभ ठेव.

तुझा
मामा

ता. क. बाजूची वाट सोमवारी बंद झाली. आपला ट्रक एकोणतीस तास उभा होता.