निनाईच्या राईसाठी माझं भाषण

३ मार्च १९७४, रविवार
शाहूवाडीकडच्या एका गावातली निनाईची राई धोक्यात आहे. देवीची राई, म्हणून तिथली वाळकी काटकीही कुणी उचलत नाही. आता एक लाकूड-ठेकेदार म्हणतो, झाडं द्या, शाळेला खोल्या बांधून देतो. म्हातारी माणसं नको म्हणतात, तरणी पोरं डळमळतात. गावचे पिराजी पाटील मला व्याख्यानाला बोलावून गेले. माझं एक भाषण पुरे.

६ मार्च
राई पाहून आलो. अंधारी, गार. बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली आहे. ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलंय. फटीतून नर फळं भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येणार नाही. झाड पडलं तर सगळं कुटुंब आतच. हे भाषणात घालायचं.
देवीला दिवा लावणारी झुंबरबाई म्हणाली, मास्तर, पायताण काढा की, राईत चालत न्हाय. तत्त्व म्हणून काढलं नाही.

१० मार्च, रविवार
जिंकलं. दोन तास बोललो. भीतीनं राखलेलं जंगल हे गुलामाचं जंगल, ज्ञानानं राखा, म्हटलं. देवी खरंच कोपते का पाहू या, म्हणून सर्वांदेखत बेहड्याची फांदी मोडली. पोरांच्या टाळ्या थांबेनात. झुंबरबाई उठून गेली. पिराजी गप्प, भारावले असावेत. ओघात धनेशाचं सांगायचं राहिलं.
सौ. प्रमोदिनी म्हणाली, झाडं वाचवायला गेला होतात ना, मग फांदी कशाला मोडलीत? हिला वक्तृत्व कळत नाही.

१३ मार्च
वनखात्याला अर्ज लिहिणार होतो. पण रविवारी गडहिंग्लजला व्याख्यान : 'आपली वनसंपदा'. तयारी हवी. अर्ज नंतर.

१७ मार्च
गडहिंग्लज. उभं राहायला जागा नव्हती. अर्ज उद्या नक्की.

२० मार्च
पिराजी दारात. चहा नको म्हणाले. गावानं ठेका दिला. पोरं म्हणत्यात, सरांनी फांदी मोडली, काय झालं? आता देवीला कोण भितंय? तुमीच या आन् सांगा, कोपती म्हणून.
मी खोटं कसं बोलू? तत्त्वाचा प्रश्न आहे. तसं सांगितलं. व्हय, म्हणाले, आणि गेले.

२३ मार्च
तीन दिवस वाचनात लक्ष नाही. ती मादी डोळ्यांसमोरून हलत नाही. ठरलं. उद्या खोटं बोलायचं. थोर कार्यासाठी चालतं. माझ्या तोंडून ऐकलं की पटेलच.

२४ मार्च, रविवार
बेहड्याला करवत लागलेली. मी ओरडलो, थांबा, देवी कोपली, दहा तारखेपासून तापानं अंथरुणात होतो. करवत थांबली. एक पोरगा म्हणाला, आन् मागच्या ऐतवारी गडहिंग्लजात दोन तास कोण बोललं? आमचा दाजी हुता की ऐकायला. लई झ्याक बोलला म्हणतोय. सगळे हसले. मी धनेशाचं सांगू लागलो. करवतीच्या आवाजात ऐकू गेलं नाही.
झाड पडलं. नर फळ घेऊन आला, घिरट्या घालत राहिला. पिराजींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

२५ मार्च
संध्याकाळी व्याख्यान होतं. ताप आहे, असं कळवलं. प्रमोदिनीनं कपाळाला हात लावून पाहिला. पांघरूण घालून गेली.