जागेवर नाही

४ सप्टेंबर
फुटबॉल क्लबला पुढच्या मोसमात एक फॉरवर्ड कमी करायचाय. नाव जवळजवळ ठरलंय – भाऊजी! माझे धाकटे दीर. वर्षभरात गोल दोन. आणि माझ्याच तक्त्यात त्यांच्या नावापुढे ‘जागेवर नाही’ असे एकसष्ट शेरे.

सामन्यांचा तक्ता मी ठेवते. नियम सेक्रेटरींचा: फॉरवर्ड मधल्या रेषेच्या मागे दिसला की ‘जागेवर नाही’. मी इमानाने लिहीत गेले. माणूस मागे जाऊन करतो काय, याला रकानाच नव्हता.

ह्यांचे गोल एकोणीस. शेरा एकही नाही. सासूबाई जेवायला वाढतात, तेव्हा हल्ली थोरल्याला आधी.

५ सप्टेंबर
सेक्रेटरींना सांगितलं – तक्ता चुकीचा आहे. “मग बरोबर करून आणा, वहिनी. दोन आठवडे देतो. पण दीर म्हणून मेहेरबानी नको. सगळे फॉरवर्ड एकाच मापाने.”

हे म्हणाले, “कर की! मला कसली भीती?”

८ सप्टेंबर
जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघतेय. नवा रकाना आखला: ‘याच्यामुळे काय झालं नाही’. न झालेल्या गोष्टी मोजणं कठीण. भाऊजींनी चेंडू काढून घेतला नसता तर आपल्यावर गोल झाला असता – कदाचित. कदाचितला अर्धा गुण ठेवला.

वाईट सवय लागली. आज ह्यांच्या हातून कप फुटला नाही – अर्धा गुण. सासूबाई टोमणा मारल्याशिवाय उठल्या – लिहायला घेतलं, तेवढ्यात दारातून परत आल्या.

११ सप्टेंबर
भाऊजींना विचारलं, पुढे का थांबत नाही?

“पुढे दादा असतो ना, वहिनी. तिथे दोघांनी उभं राहून करायचं काय? गप्पा?”

काढतील म्हणून घाबरलेत. दाखवत नाहीत. बुटांच्या नाड्या मात्र चार वेळा बांधल्या.

१३ सप्टेंबर
हे शेजारी येऊन बसले. प्रत्येक गोलाला, “थांब, परत दाखव.” मी व्हिडिओ मागे नेते, तो अर्धं मिनिट जास्तच मागे. तिथे भाऊजी. आपल्या गोलापाशी चेंडू काढतात, धावत आणतात, ह्यांच्या पुढ्यात ठेवतात.

“अगं, गोल पुढे आहे!” हे चिडले.

एकोणीसपैकी सतरा वेळा असंच.

१४ सप्टेंबर
त्या वेळात हे काय करतात तेही आता मोजते. माप एकच हवं. मोजे वर ओढले: चाळीस वेळा. लिहावं का?

१५ सप्टेंबर
लिहिलं.

१८ सप्टेंबर
अहवाल दिला. सेक्रेटरींनी दोनदा वाचला. चष्मा काढला. “वहिनी, हे घरी दाखवलंत?”

“नाही.”

“बरं केलंत.” आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

२२ सप्टेंबर
सकाळी सेक्रेटरींचा फोन आला, आता पत्रही आलंय. भाऊजी राहिले! माझा अहवाल जसाच्या तसा जोडलाय, खाली माझी सही. हे बाहेरच्या खोलीत सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवताहेत. धाकट्याचं कौतुक आलं की थांबून “शाब्बास!” म्हणतात. अजून पहिलंच पान चालू आहे. कोणाला कमी केलं, ते तिसऱ्या पानावर आहे.